पठ्ठे बापूराव : रेठऱ्याचे शाहीर



‘पठ्ठा’ या शब्दाची फोड कोल्हापुरात करून सांगावयास नको. लाल मातीच्या हौद्यात वस्तादाच्या नजरेखाली घटलेला, चार गावांच्या जत्रेत लंगोट कसून उभा राहणारा जो जवान, त्यास आपण पठ्ठा म्हणतो. कुस्तीचा जसा फड असतो तसाच तमाशाचाही फड असतो; तेथेही वस्ताद असतात, ईर्षा असते, आणि समोरच्याने टाकलेला डाव उलटविता आला नाही तर हार पदरात घेऊन निघून जावे लागते. तेव्हा एखाद्या शाहिराने स्वतःस पठ्ठे म्हणवून घ्यावे, यात त्याची बढाई फारशी नाही. तो आपण कोणत्या शाळेत शिकलो एवढेच सांगत असतो. ज्यांच्याविषयी आज बोलावयाचे आहे त्या पठ्ठे बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी असे होते, आणि त्या नावाच्या माणसाने जन्मतः जी शाळा पाहावयाची ती निराळी होती.

कोल्हापुराहून उत्तरेस पंचगंगा ओलांडावी, पुढे वारणा ओलांडावी, की वाळवे तालुका लागतो. त्या तालुक्यात कृष्णाकाठी रेठरे हरणाक्ष नावाचे गाव आहे. हा मुलूख सध्या सांगली जिल्ह्यात मोडतो; त्या काळी तो सातारा जिल्ह्यात होता. येथे ११ नोव्हेंबर १८६६ रोजी बापूरावांचा जन्म झाला. घराणे ब्राह्मणाचे, नाव कुलकर्ण्याचे. कुलकर्णी म्हणजे गावची लेखणी. कोणाची किती जमीन, कोणाचा किती सारा, कोणाकडे किती थकले, हे सारे त्याच्या दप्तरात. पाटलाच्या हातात हुकूम आणि कुलकर्ण्याच्या हातात अक्षर, अशी ती जुनी वाटणी होती. गावात ज्यांस अक्षर येत नसे त्यांचे नशीब या अक्षराशी बांधलेले असे.

एक योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचा आपण गौरव करतो ते केशवसुत याच वर्षी, १८६६ मध्ये जन्मले. एकाच सालचे हे दोन कवी. केशवसुतांच्या उपलब्ध कविता दीडशेहूनही कमी भरतात. परंतु त्या क्रमिक पुस्तकांतून घराघरांत गेल्या, त्यांवर व्याख्याने झाली, टीकाग्रंथ झाले. बापूरावांची कवने हजारोंनी ऐकली गेली, तोंडपाठ झाली, बैलगाडीच्या धुरेवर बसून गायिली गेली. आणि आपल्या सुशिक्षित घरांत मात्र त्यांचे नाव मुलांपुढे घेताना वडीलधाऱ्यांचा आवाज थोडा खाली येत असे. हा भेद कवितेच्या गुणावरून पडला, की ती कोठे व कोणाच्या तोंडून ऐकावयाची यावरून पडला? मला दुसरे कारण अधिक खरे वाटते, आणि आजच्या बोलण्याचा रोख तोच आहे.

बापूराव ज्या प्रदेशात वाढले तेथे तमाशाची भूमी आधीच नांगरलेली होती. तासगाव तालुक्यातील सावळज गावचे मातंग शाहीर उमाबाबू सावळजकर यांनी १८६५ च्या सुमारास ‘मोहना-बटाव’ नावाचा वग रचला, आणि वगाच्या इतिहासात पहिला मान त्यासच दिला जातो. म्हणजे बापूराव जन्मास आले त्याच्या जेमतेम वर्षभर अगोदर, त्यांच्याच पंचक्रोशीत म्हणता येईल अशा ठिकाणी, तमाशाला कथानक मिळाले. तोवर सुट्या लावण्या, गौळणी व सवाल-जवाब यांवर रात्र काढणारा फड आता गोष्ट सांगू लागला. ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. कारण बापूरावांचे चरित्र पुष्कळदा असे रंगविले जाते की, कोणी एक ब्राह्मण तमाशात उतरला आणि त्याने तमाशास कविता दिली. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. कविता तेथे होतीच; मांग, महार, कोल्हाटी अशा समाजांतील माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या हातावर तोलून ठेवली होती. ती शिकण्यासाठी कुलकर्ण्यांच्या मुलास त्यांच्या पायरीशी जावे लागले.

असे जाणारे ते पहिलेच नव्हते. पेशवाईत सोलापूरचे रामजोशी (१७६२–१८१२) वेदशास्त्राच्या घरातून निघून तमाशाच्या नादी लागले होते. पण रामजोशांच्या मागे पेशव्यांचे पुणे होते, बिदागी होती, सरदारांचे वाडे होते. बापूरावांच्या काळी राज्य इंग्रजांचे. जुन्या पोवाड्यांची किंमत जाणणारा अॅक्वर्थसारखा एखादा इंग्रज अधिकारी शाळिग्रामांच्या साहाय्याने १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापी, हे खरे; परंतु तो मान मेलेल्या शाहिरांचा. जिवंत शाहिराचा आश्रयदाता आता तिकिटाचा आणा देणारा प्रेक्षक होता. रामजोशी आश्रयावर जगले, बापूराव गर्दीवर जगले.

वाटेत कोणते अडथळे आले, घरच्यांनी काय म्हटले, गावाने काय केले, याच्या कथा पुष्कळ आहेत व त्यांत शाहिरी अतिशयोक्तीही पुष्कळ आहे. आपल्यापुरते बापूरावांचे स्वतःचे निवेदन पुरे. एका लावणीत ते आपले नाव, बापाचे नाव व आडनाव सांगून म्हणतात की, सोवळे घडी घालून ठेवून दिले आणि हाती तमाशाची मशाल धरली. त्या काळच्या ब्राह्मण वाचकाने हे वाक्य कोणत्या मुद्रेने वाचले असेल याची कल्पना करावी. सोवळे फाडले, जाळले, नदीत सोडले असे ते म्हणत नाहीत. घडी घालून ठेवले म्हणतात. या घडीकडे आपणांस पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

येथे आपल्या संस्थानच्या इतिहासातील एक गोष्ट सहज आठवते. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बरखास्त केली आणि त्या जागी पगारी तलाठी नेमले. रेठरे इंग्रजी मुलुखात असल्यामुळे तो कायदा तेथे लागू नव्हता. मुंबई राज्यात ही वतने जाण्यास १९५० चा कायदा यावा लागला. म्हणजे कोल्हापुरात जे छत्रपतींनी हुकमाने केले, ते वारणेपलीकडे एका कुलकर्ण्याने आपल्यापुरते पुष्कळ वर्षे आधी करून टाकले होते. कारणे अर्थातच निराळी. एकाच्या मनात रयतेची मुक्तता होती, दुसऱ्याच्या कानात ढोलकी होती.

आता तमाशात कवीचे काम नेमके काय, हे थोडे विस्ताराने पाहू. कारण ज्यांनी लावणी केवळ पुस्तकात वाचली त्यांस तिची अर्धी कारागिरी दिसतच नाही.

प्रथम ढोलकी व हलगी यांची सलामी झडते. दूरदूरच्या वस्त्यांवरील लोकांना खेळ उभा राहिल्याची ती वर्दी. मग गण, म्हणजे गणेशाचे स्तवन. त्यानंतर गौळण : मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणी, त्यांची थट्टेखोर मावशी, वाट अडविणारा कृष्ण आणि त्याचा वेंगाडा पेंद्या. देवाच्या नावाने प्रेक्षक येथे पहिल्यांदा खदखदून हसतो. पुढे रंगबाजी, म्हणजे लावण्यांचा भर. आणि उत्तररात्री वग. वगातील पद्य शाहिराने बांधलेले, गद्य मात्र बहुतेक जागच्या जागी जुळविलेले. पाटलाच्या गावी पाटलास चिमटा, सावकाराच्या गावी सावकारास. हे काम सोंगाड्याचे. मुख्य गाणाऱ्याच्या मागे तुणतुणे व झांज घेऊन सुरते उभे असतात. ते ओळीचा शेवट उचलून वर चढवितात.

या सुरत्यांना सामान्य प्रेक्षक शोभेची माणसे समजतो. वस्तुतः ते कवितेचा आधारस्तंभ आहेत. ध्वनिवर्धक नव्हते तेव्हा उघड्या माळावर दोन-तीन हजारांच्या समुदायास ओळ ऐकू जावयाची तर ती दोनदा म्हटली गेली पाहिजे, आणि दुसऱ्यांदा चार गळ्यांनी. म्हणून शाहिराने ओळ अशी बांधावयाची की तिचा शेवटचा तुकडा वेगळा उचलला तरी त्यास स्वतंत्र अर्थ राहील. त्या तुकड्याच्या शेवटी दीर्घ स्वर असला तर उत्तम. तो लांबविता येतो, आणि नाचणाऱ्या बाईस तेवढ्यात दम घेता येतो. यमक येथे अलंकार नव्हे, खूण आहे. ती खूण मिळाली की ढोलकीवाला आपला तुकडा टाकण्यास मोकळा होतो. मोरोपंतांची आर्या एकांतात पुन्हा पुन्हा वाचून अर्थ लावता येतो. लावणीस ती सवलत नाही. एकदा निसटलेला शब्द गर्दीत परत मिळत नाही. ज्या कवीस ही बंधने ठाऊक असून त्यांत हसू, शृंगार, विरह व वेदान्तही बसविता येतो, त्यास अडाणी लोकांचा कवी म्हणून बाजूस सारणे हे आपलेच अज्ञान होय.

वेदान्त हा शब्द मी सहज वापरला नाही. शाहिरांत कलगी व तुरा असे दोन पक्ष जुनेच. तुरेवाले शिवास, पुरुषास श्रेष्ठ मानणार. कलगीवाले शक्तीस, प्रकृतीस. एका फडाने पुराणातील किंवा अध्यात्मातील कूट घालावयाचे, दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर बांधावयाचे, आणि तेही पहाट होण्याच्या आत. अशा सामन्यात कुलकर्ण्यांच्या घरातील पोथ्यांचे संस्कार बापूरावांच्या उपयोगी पडले असल्यास नवल नाही. जे ज्ञान सोवळ्यात बसून मिळाले ते ओवळ्यात उभे राहून खर्च झाले, असे म्हटले तर ते त्यांच्याच थाटाचे बोलणे होईल.

त्यांच्या वगांत ‘मिठाराणी’चा वग गाजला. तो त्यांनी शाहू छत्रपतींपुढे करून दाखविल्याची हकीकत सांगितली जाते. अल्लादियाखांच्या गायकीस, कुस्तीस व संगीत नाटकास आश्रय देणाऱ्या त्या राजाच्या दरबारी शाहिरानेही हजेरी लावावी, यात आश्चर्य ते काय? कोल्हापूर तेव्हा एका बाजूस होते. मुख्य बाजारपेठ मुंबई होती.

पुण्याहून मिरजेस आणि १८९१ पासून मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी सुरू झाली, आणि या भागातील माणूस दोन दिवसांत मुंबईच्या गिरणीच्या दारात उभा राहू लागला. साताऱ्याचा व रत्नागिरीचा शेतकरी साच्यावर गेला. पाठोपाठ त्याचा तमाशाही गेला. या काळात बापूरावांनी मुंबईवर जी लावणी रचली ती त्यांच्या सर्व रचनांत अधिक प्रसिद्ध आहे. तीत ते मुंबईस रावणाच्या लंकेची उपमा देतात आणि मग रस्ते, इमारती, बाजार, नाना जातींची माणसे यांची यादी अशा झपाट्याने देतात की ऐकणाऱ्याची मान डावी-उजवीकडे फिरत राहावी. ती एका खेडुताची नजर आहे. विस्मयाने उघडी राहिलेली. लंका सोन्याची होती म्हणून ही उपमा स्तुतीची. पण लंकेत राज्य कोणाचे होते, हे काय मराठी श्रोत्यास सांगावे लागते?

या ठिकाणी मला दूरच्या एका देशाची आठवण होते. ऑस्ट्रेलिया तेव्हा आपल्यासारखीच इंग्रजांची वसाहत होती, आणि तेथेही रानमाळाच्या, मेंढपाळांच्या व गुराख्यांच्या कवितेस बहर आला होता. त्या कवितेचे दोन नायक बापूरावांच्या अगदी बरोबरीचे. अँड्र्यू बार्टन पॅटर्सन १८६४ मध्ये जन्मला, हेन्री लॉसन १८६७ मध्ये. पॅटर्सन सिडनीतील वकील. ‘बँजो’ हे टोपणनाव त्याने एका घोड्यावरून घेतले, आणि जग आज त्यास त्याच नावाने ओळखते. त्याने रानमाळाचे जीवन मोकळे, उमदे व हेवा वाटण्याजोगे रंगविले. लॉसनला ते सहन झाले नाही. १८९२ मध्ये सिडनीच्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकातून त्याने कवितेतच विचारले की, हे असे रान तुम्ही पाहिले तरी कोठे? मी पाहिले ते धुळीचे, दुष्काळाचे व एकाकी बायकांचे आहे. पॅटर्सनने कवितेतच उत्तर दिले. आपल्याकडे याला सवाल-जवाब म्हणतात; तेथे तो छापखान्यातून झाला एवढेच.

तसा सवाल-जवाब बापूरावांच्या मुंबईवरही झाला, मात्र जवाब यावयास एक पिढी जावी लागली. तो देणारा माणूस वाळवे तालुक्यातलाच निघाला. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) मातंग समाजात जन्मले. लहानपणी वडिलांबरोबर पायी चालत मुंबईस आले, गिरणीत राबले, आणि १९४४ मध्ये अमर शेख व गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात उभे राहिले. त्यांचीही एक ‘मुंबईची लावणी’ आहे. चाल तमाशाचीच, शहर तेच. परंतु नजर पाहुण्याची नाही, कामगाराची आहे. मलबार हिलवरील वैभव आणि परळमधील घाम एकाच कडव्याच्या दोन बाजूंस ठेवून अण्णा भाऊ विचारतात की, यातली मुंबई कोणती? ही लावणी बापूरावांच्या लावणीस दिलेले उत्तर म्हणून वाचली जाते, आणि ते योग्यच आहे. सिडनीत पॅटर्सन शहरात बसून रानाची हौस करीत होता आणि लॉसन त्यास जागे करीत होता. आपल्याकडे बापूराव गावातून आलेल्याच्या डोळ्यांनी शहराची हौस करीत होते, आणि त्यांच्याच तालुक्यातील एका मातंगाच्या मुलाने त्या हौसेचा हिशेब मागितला. मला स्वतःला दोन्ही लावण्या हव्याशा वाटतात. पहिली नसती तर दुसरीस उभे राहावयास जागा नव्हती.

आता पवळाबाईंकडे वळू. त्यांच्यावाचून बापूरावांचे नाव घेतलेच जात नाही, आणि तरी त्यांच्याविषयी बोलताना लोक चटकन दुसऱ्या विषयाकडे जातात.

पवळाबाई संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा गावच्या. जन्म १८७० चा, महार समाजातील. संगमनेर म्हणजे अनंत फंदींचे गाव, तेव्हा शाहिरीचा वारा त्या बाजूसही होताच. तमाशात स्त्रीचे काम पूर्वी नाच्या पोऱ्या करी. लुगडे नेसलेला, चाळ बांधलेला मुलगाच राधा होई. फडावर स्वतः उभ्या राहिलेल्या आरंभीच्या स्त्री कलावंतांत पवळाबाईंचे नाव अग्रभागी घेतले जाते. बापूरावांचे कवन आणि पवळाबाईंचे रूप, गळा व अदा एकत्र आल्यावर त्यांच्या फडास जी गर्दी लोटली तिच्या आख्यायिका झाल्या. ब्राह्मण शाहीर व महार नायिका एका फडावर एकत्र दिसतात, हे पाहण्यासच काही लोक येत असतील. सनातन्यांस तो संताप, तरुणांस तो चमत्कार, आणि फडाच्या मालकास ती मिळकत.

एक बारीक गोष्ट आपल्या बोलण्यातच दडलेली आहे. त्यांस सर्व लोक बापूराव म्हणतात. तिला नुसते पवळा. एकाच फडावर, एकाच मशालीच्या उजेडात, एका नावास ‘राव’ लागला आणि दुसऱ्या नावास ‘बाई’सुद्धा लागली नाही.

महाडच्या सत्याग्रहाच्या काळात, १९२७ च्या सुमारास, डॉ. बाबासाहेब आंबेडकर चळवळीसाठी निधी जमवीत होते. बापूरावांनी आपल्या तमाशाच्या काही खेळांचे उत्पन्न या कार्यास देऊ केले. अस्पृश्यांसाठी एक ब्राह्मण आपली कमाई पुढे करीत होता, स्वतःही अस्पृश्य मानलेल्या लोकांत खाऊनपिऊन राहत होता. बाबासाहेबांनी ती देणगी नाकारली. आमच्या समाजातील बायांस नाचवून मिळविलेला पैसा या लढ्यास नको, असा त्यांच्या नकाराचा आशय होता.

हा प्रसंग ऐकून पुष्कळ रसिकांस वाईट वाटते. बापूरावांचा हेतू निर्मळ होता यात मलाही शंका नाही. परंतु बाबासाहेबांचा नकार हा कलेविषयीचा रुक्षपणा होता असे जे कधी कधी सुचविले जाते, ते मला मान्य नाही. त्यांनी पैशाची नाणी मोजली नाहीत, ती कोणत्या वाटेने आली ते पाहिले. बापूरावांनी सोवळे घडी घालून ठेवले होते. ठेवलेली वस्तू परत काढता येते. त्यांच्या तमाशात येण्यास लोकांनी त्याग म्हटले, बंड म्हटले, निदान वेड तरी म्हटले. या तिन्ही शब्दांत थोडे कौतुक आहे. पवळाबाईंजवळ घडी घालून ठेवण्यासारखे काहीच नव्हते. त्यांच्या फडावर येण्यास कोणी त्याग म्हटले नाही. त्यांच्या जातीच्या बाईने नाचावे, हे जगाने गृहीतच धरले होते. जी गोष्ट करून एकाची कीर्ती झाली तीच करून दुसरीची बदनामी झाली. बाबासाहेबांच्या मनात जी स्त्री उभी करावयाची होती, ती मान वर करून सभेस येणारी होती. फडावरच्या कौतुकाने ती उभी राहणार नव्हती, हे त्यांस स्वच्छ दिसत होते.

याचा अर्थ पवळाबाई केवळ नाचविली गेलेली बाई होती, असाही करू नये. त्यांच्या गळ्यातून व पावलांतून गेल्यावाचून बापूरावांची एकही ओळ प्रेक्षकापर्यंत पोहोचत नव्हती. कोठे थांबावे, कोणता शब्द डोळ्यांनी सांगावा, कोठे चाळ मुका ठेवावा, हे कागदावर लिहिलेले नसते. २०२२ मध्ये शैलजा पाईक या विदुषींचा तमाशातील दलित स्त्रियांविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. बापूरावांची कथा पवळाबाईंच्या बाजूने पाहावयाची तर ती किती वेगळी दिसते, याचा त्यात बारकाईने विचार केलेला आहे. वाचावयास कठीण, परंतु टाळू नये असा हा ग्रंथ आहे.

पुढे ही जोडी फुटली. १९३९ मध्ये पवळाबाई वारल्या. बोलपटाने गिरणगावातील प्रेक्षक खेचून नेला होता, आणि बापूरावांचे वयही उतरले होते. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात, हलाखीत, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्यांचा अंत झाला. तिकडे लॉसनही दारिद्र्यात व व्यसनात मेला. पण १९२२ मध्ये त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने निघाली. पुढे १९६६ मध्ये त्याचे व १९९३ मध्ये पॅटर्सनचे चित्र तेथील दहा डॉलरच्या नोटेवर आले.

बापूरावांनी दोन लाख लावण्या रचल्या अशी प्रसिद्धी आहे. आपण कुलकर्ण्यांप्रमाणे हिशेब करून पाहू. ऐन विसाव्या वर्षी लेखणी धरली आणि पन्नास वर्षे एक दिवसही खाडा केला नाही असे मानले, तरी रोज अकरा लावण्या पडतात. अर्थात हा आकडा शाहिरी आहे, दप्तरी नव्हे. पण त्यात एक खरी गोष्ट दडली आहे. लावणीच्या शेवटच्या कडव्यात कवी आपली नाममुद्रा घालतो. तीच त्याची मालकी, तोच त्याचा शिक्का. ज्याची मुद्रा बाजारात चालते तिची नाणी दुसरेही पाडतात. कोणा अनाम शाहिराने रचावे आणि लोकांनी ऐकावे म्हणून शेवटी पठ्ठे बापूरावांचे नाव घालावे, असे तोंडी परंपरेत सर्रास घडते. उलट त्यांच्याच कितीतरी रचना दुसऱ्या फडांनी मुद्रा बदलून गायिल्या असतील. त्यामुळे छापील संग्रहांतील कोणती लावणी निखालस त्यांची, हे ठरविण्याचे काम भाषेच्या व चालीच्या जाणकाराने, जुन्या वह्या समोर ठेवून, सावकाश करावे लागते.

त्यांच्या मृत्यूनंतर सुशिक्षित समाजाचे मन थोडे वळले, त्याचे श्रेय चित्रपटास दिले पाहिजे. १९४७ मध्ये शांताराम व आपले बाबूराव पेंटर यांनी ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला; १९५० मध्ये राजा नेने यांचा ‘पठ्ठे बापूराव’ आला. पुढे कोल्हापूर हे तमाशाप्रधान चित्रपटांचे माहेरघरच झाले, आणि ज्या घरातील स्त्रिया तंबूत पाऊल टाकणार नाहीत त्या चित्रगृहात बसून लावणी ऐकू लागल्या. तेथे ढोलकीबरोबर सारंगी आली, व्हायोलिने आली, कडवी कमी झाली, आणि शेवटच्या कडव्यातील नाममुद्रा बहुधा गळाली. अण्णा भाऊंनी तर त्याआधीच तमाशाचे लोकनाट्य करताना गणपतीच्या गणाऐवजी मातृभूमीस व श्रमिकांस वंदन घातले, आणि मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी व पेंद्या यांस रजा दिली. ढोलकी, तुणतुणे आणि ओळीचा शेवट उचलून धरणारे सुरते मात्र त्यांनी जागचे हलविले नाहीत.